पहारेकऱ्याचा आकडा

पहारेकरी पडद्यावर आला आणि शर्वरीने नकळत ओढणी सावरली. सव्वीस वर्षांनी भेटत होता. तोच लोखंडी टोप, त्याच मिशा, पाठीमागे तेच बंद गेट. एका हातात ढाल, दुसऱ्यात निशाण.

“चालू झाला, ताई!” निशांतने टेबलावर थाप मारली. “या फ्लॉप्या बघून मला वाटलं होतं, गए काम से.”

निशांतचं मल्हारगंजात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी तो परदेशीपुऱ्यात शर्वरीच्या शेजारी राहायचा. जुने गेम जमवायचा त्याला नाद होता. चित्रात माऊसने इथे तिथे टिचकी मारायची, वस्तू उचलायच्या, कोडी सोडवत पुढे जायचं, तसले गेम. शर्वरीच्या बाबांना जाऊन महिना झाला होता. पुण्याला परतण्याआधी तिला एकच गोष्ट बघायची होती.

ढालीवर बगळा होता, निशाणावर जहाजाचा नांगर. खाली इंग्रजीत प्रश्न: आकडा सांग.

ज्या वर्षी मिल बंद झाली, त्याच वर्षी मामाने आपल्या ऑफिसातून निघालेला कॉम्प्युटर त्यांच्याकडे पाठवला होता. सोबत या फ्लॉप्या, कोणीतरी कोणाकडून तरी कॉपी केलेल्या. बाबा, म्हणजे श्रीपाद, मिलच्या डिझाइन खात्यात होते. कापडात उतरायची नक्षी ते आधी ग्राफपेपरवर चौकोन भरून काढत. मिल बंद पडल्यावर सकाळी तिच्या गेटवर एक चक्कर, आणि मग हा पहारेकरी. दर वेळी ढालीवर वेगळा प्राणी, निशाणावर वेगळी खूण. तीन उत्तरं चुकली की तो मान हलवायचा आणि पडदा काळा व्हायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

बापलेकीने काय काय करून पाहिलं. बगळ्याचे पाय दोन, नांगराची टोकं तीन, म्हणजे तेवीस? की बत्तीस? आणि माशाला पायच नाहीत, त्याचं काय करायचं?

“मिलच्या गेटवर एक चौकीदार, घरात दुसरा,” आई म्हणायची. “दोघेही तुम्हाला आत सोडेनात. अहो, कुठे नोकरी-बिकरी बघा आता.”

“बघतो. याची वीण एकदा कळू दे.”

वर्ष गेलं. शर्वरी दहावीत गेली आणि तिने खेळणं सोडलं. बाबा एकटेच बसू लागले. उत्तर चुकलं की ग्राफपेपरवर एक बारीक टिंब, की पुन्हा सुरू. चाळीतले लोक हसायचे. तिलाही मैत्रिणींसमोर लाज वाटायची. एका दुपारी ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“शरू, गेट उघडलं! चल लवकर, आत तर…”

“बाबा, परवा पेपर आहे माझा. आणि उगाच खोटं कशाला सांगता?”

ते तसेच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर चादर पडली. आठवड्याभरात ते राजवाड्याकडच्या एका साड्यांच्या दुकानात कामाला लागले. त्या गेटचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. आता तो ‘खोटं’ शब्द परत घ्यायचा म्हटलं, तरी ज्यांच्याकडून घ्यायचा तेच नव्हते.

“टाक ना आकडा,” निशांत म्हणाला. “चकती आणलीस ना?”

“कसली चकती?”

“मग आकडा काढणार कुठून?”

शर्वरीने पिशवीतून एक घडी केलेला ग्राफपेपर काढला. बाबांच्या कपाटात सापडला होता. डाव्या कडेला बारा चिमुकले प्राणी, वरच्या ओळीत पंधरा खुणा, सगळं बाबांच्या हातचं. मधल्या प्रत्येक चौकोनात एक आकडा. वरच्या काही ओळींत खोडून खोडून कागद विरला होता, भोवती टिंबांची नुसती गर्दी. त्याखाली मात्र एकही खाडाखोड नव्हती. पेन्सिल टाकून पेनने भरलं होतं, सरळ शेवटापर्यंत. किनारीचा वीतभर तुकडा हाती यावा आणि अख्खी साडी डोळ्यांपुढे उलगडावी, तसं.

निशांतने कागद दोन्ही हातांनी धरला.

“हे काकांनी केलं? हाताने?”

“हो.”

“किसी से पूछा होगा. इंटरनेटवरून वगैरे?”

“अठ्ठ्याण्णव साली? परदेशीपुऱ्यात?”

तो खुर्चीवरून उठला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. “तूच टाक.”

बगळ्याच्या ओळीवरून तिचं बोट नांगराखाली आलं. सत्तेचाळीस.

पहारेकऱ्याने मान हलवली नाही. त्याने ढाल खाली केली आणि तो बाजूला झाला. गेटची दोन्ही दारं हळूहळू सरकायला लागली.

शर्वरीचा हात तोंडावर गेला. “खरं होतं ते. निशांत, बाबा खरं सांगत होते! त्यांनी गेम जिंकला होता.”

“गेम?” निशांतची नजर अजून कागदावरच होती. “ताई, हा गेम नाही. हे गेम सुरू व्हायच्या आधीचं कुलूप आहे. कॉपी मारून खेळणाऱ्यांना बाहेर ठेवायला कंपनीने लावलेलं. विकत घेतला की डब्यात पुठ्ठ्याची चकती यायची. फिरवायची, आकडा बघायचा, दहा सेकंदांचं काम. प्रोग्राम फोडून आत शिरणारे मी खूप पाहिलेत. पण नुसतं समोर बसून, चकतीच पुन्हा बनवणारा…”

गेट पूर्ण उघडलं. पलीकडे समुद्र होता, बंदर होतं, शेकडो दिवे होते. संगीत सुरू झालं, आणि तिच्यासमोर पडद्यावर पहिल्यांदाच खेळाचं नाव उमटलं.