फक्त बघायची परवानगी

"मॅडम, आता तरी मला लिहायचा हक्क द्या. नुसतं बघून बघून डोळे फुटायची वेळ आली," फोनवर कारखान्यातला सरफराज म्हणाला.

उत्कर्षानं कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं. पलूसच्या कारखान्यात दूध गार ठेवायच्या टाक्या बनत. टाकी कशी हवी, दूध किती गार व्हावं, बिघाड झाला तर भोंगा कधी वाजावा, ही एकेक गरज एका सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलेली असे. त्यात कुणी लिहायचं आणि कुणी नुसतं बघायचं, हे जतमधल्या घरात बसून उत्कर्षा ठरवायची. मागच्या महिन्यात कुणीतरी तिला न विचारता एक आकडा बदलला. टाक्या परत आल्या. बोलणी खाल्ली उत्कर्षानं. त्याच संध्याकाळी तिनं रागारागानं सगळ्यांचे हक्क काढून घेतले. आता प्रत्येक नावापुढं एकच शेरा होता, 'फक्त पाहणे'.

"खरेदीतले जयराज काय म्हणतात माहितीये? चहात साखर घालायची तरी मॅडमची मंजुरी काढा."

"म्हणू देत. मागं गोंधळ झाला तेव्हा जयराज आले होते निस्तरायला?"

तिच्या खुर्चीमागं वाकळेवर तिचा मल्हार बाजेचा खूर धरून उभा होता. आधाराशिवाय त्यानं अजून पाऊल टाकलं नव्हतं. दिवस भरायच्या आधी झालेलं पोर. सुरुवातीला काचेच्या पेटीत ठेवावं लागलेलं. आता वर्षाचा होत आला, तरी तो नुसता शिंकला की ती डॉक्टरांना फोन लावायची. त्यात तानुबाईंनी, ती आत्या म्हणायची त्या सासूबाईंनी, एकदा न विचारता त्याला मधाचं बोट चाटवलं. पोराला जुलाब लागले, दवाखाना झाला. तेव्हा उत्कर्षानं ठणकावलं होतं, "आत्या, इथून पुढं मला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही."

मेंढरांची पिल्लं काखेत घेऊन डोंगर चढलेली बाई. "बरं बाई," एवढंच म्हणाली. तेव्हापासून टोपडं सरळ करायचं झालं तरी विचारायची. उत्कर्षाला त्याचाही वैताग यायचा.

आताही त्या मधल्या दारात उभ्या होत्या. लॅपटॉपच्या काचेत त्यांचा वर केलेला हात दिसला. काहीतरी विचारायचं असणार. ज्याला त्याला आत्ताच विचारायचं असतं! उत्कर्षानं मागं न वळताच पंजा दाखवला. थांबा.

"मॅडम, ते भोंग्याचं बघा की जरा," सरफराज सांगत होता. "बिघाड झाल्यावर दोन तासांनी वाजवा असं लिहिलंय. दोन मिनिटं पाहिजे. तवर दूध नासतंय की!"

उत्कर्षा सावरून बसली. "हे कधी दिसलं तुम्हाला?"

"आठवडा झाला."

"आठवडा? आणि आत्ता सांगताय?"

"फोन केला की तुम्ही म्हणता, विनंती टाका. टाकलीय. तुमची मंजुरी यायचीय. चूक समोर दिसतीय, पण आम्हाला हात लावायचा नाही."

तिनं विनंत्यांचं पान उघडलं. खरंच होती. इतरांच्या ढिगात, खाली, न उघडलेली. जीभ चावून तिनं त्याच्या नावापुढचा शेरा बदलायला घेतला.

मागं धप्प आवाज झाला. मग मल्हारनं हंबरडा फोडला.

उत्कर्षा खुर्ची ढकलून धावली. तो बाजेपासून लांब, थेट उंबऱ्यापाशी पालथा पडला होता. कपाळावर बघता बघता टेंगूळ आलं. तानुबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर, वाकलेल्या. त्याला शिवलेल्या नव्हत्या.

"आत्या, अहो समोर उभ्या होतात ना! धरता आलं नाही?" पोराला छातीशी घेत ती ओरडली.

टेबलावरच्या फोनमधून सरफराज विचारत होता, "हॅलो, मॅडम? मंजुरी देताय न्हवं?"

तानुबाईंचा एक हात अजून तसाच वर होता.

"चालला गं त्यो," त्या म्हणाल्या. "खूर सोडून चालला, सरळ माज्याकडं. त्यो निघायच्या बेतात हुता तवाच, धरू का, म्हणून इचारायला हात वर केला. तू थांब म्हणलीस."