पास्कोलकाकांचं अकॉर्डियन

या, जवळ सरकून बसा. एक आख्यान सांगते, देवाचं नाही, माणसाचं.

साठच्या दशकातल्या गाण्यांचा कार्यक्रम होता. शेजारचे पास्कोलकाका ऐंशी उलटलेले, तरी जुना कोट चढवून माझ्यासोबत नाट्यगृहात आले. त्या काळच्या लाडक्या गायकाच्या प्रत्येक गाण्यात अकॉर्डियन त्यांचंच. वाटेत म्हणाले, "आज एकदा तरी नाव घेतील गं."

पडद्यावर वाद्यवृंदाचा जुना फोटो आला. गायक मधोमध हसत होता. त्याच्या शेजारी काका उभे होते, नेमका तिथूनच फोटो कापलेला. गायकाच्या कोपराशी अर्धं अकॉर्डियन तेवढं उरलं होतं. निवेदक म्हणाला, "ही जादू एकट्याची!" टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या, आणि माझं डोकं फिरलं.

मी उभी राहिले. "आमच्या कीर्तनात बुवांना बुक्का लागतो, तसा पेटीवाल्यालाही लागतो. तुम्हाला एवढी रीत नाही?"

"आजी, बसून घ्या."

"बसते. आधी यांचं नाव घे. पास्कोल डिमेलो!"

त्याने हातातला कागद चाळला. "यादीत नाही हो."

"मग जाळ ती यादी!"

मी पिशवीतली बुक्क्याची डबी काढली आणि भर सभागृहात काकांच्या कपाळाला बोट लावलं. गळ्यातला क्रूस सावरत ते म्हणाले, "नीट लाव गं." आणि त्यांनी कपाळ पुढे केलं. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही.

तुम्ही एवढं करा. ती जुनी गाणी लागली, की गायक तोंड उघडायच्या आधी जे अकॉर्डियन वाजतं, तिथे म्हणा, पास्कोल डिमेलो.