एकपानी

देवराईच्या कडेला चपला काढून येसू ओंजळीतलं पाणी सांभाळत आत गेली. मान टाकलेल्या रानफुलाला ती रोज पाणी घालत होती. आज फूल नव्हतं. तिथं चुणीदार, गोल असं एकच पान उघडलं होतं.

"यानंच खाल्लं फुलाला!" ओंजळ सोडून ती पान उपटायला वाकली. तिला जन्म देताना आई गेली, तेव्हापासून गावातल्या बायका तिच्याबद्दल असंच बोलत.

मागून आलेल्या बापानं तिचा हात धरला. "दोन्ही एकाच कंदातली गं. ही एकपानी आमरीच अशी. आधी फूल येतं, ते गेलं की पान. दोघांची गाठ कधी पडत नाही."

येसू पानाकडे बघतच राहिली. "मग फूल कसं होतं, ते पानाला कोण सांगणार?"

एरवी बायकोचं नावही न काढणारा बाप तिथंच मातीत बसला.

"मी सांगतो," तो म्हणाला.