खंडेनवमीची काडतुसं

सुमित्राबाईंनी काडतुसांच्या डब्यावर बोट फिरवलं आणि ते दुकानदाराच्या नाकासमोर धरलं. बोटाला धूळ लागली होती.

"विचार त्याला, धुळीचापण भाव वाढलाय का?" त्या मुलाला म्हणाल्या.

संजीवने दुकानदाराला, वॉल्टरला, सांगितलं की आईला दुकान फार आवडलं. पण बोटाला दुभाषी लागत नाही. वॉल्टर कानापर्यंत लाल झाला. गेल्या महिन्यात अकरा डॉलरला असलेला डबा आज सतराला होता, आणि डबा तोच होता.

वॉल्टरने बिचाऱ्याने सगळं समजावून सांगितलं. शिसं महागलं, तांबं महागलं, बंदुकीची दारू महागली. कंपनी दर महिन्याला नवा दर पाठवते. हा डबा जुन्या भावाने विकला, तर तेवढ्या पैशात नवा कुठून आणायचा? संजीवला हे अगदी पटलं. सतराच्या जागी सत्तर म्हणाला असता तरी पटलं असतं. उद्या त्याच्या प्लांटच्या लोकांची मॅच होती, हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायची. दोन वर्षं जी माणसं त्याच्याशी फक्त हवामानावर बोलत होती, त्यांनी त्याला पहिल्यांदाच टीममध्ये घेतलं होतं. आपापली काडतुसं आपण आणायची, चार डबे. आणि भाव वाढणार म्हणून लोकांनी आधीच भरून ठेवल्यामुळे अख्ख्या ट्रॉय गावात ती उरली होती फक्त वॉल्टरकडे.

सुमित्राबाईंना शिशाचं कौतुक नव्हतं. सांगलीच्या देवळात त्यांनी जन्मभर कीर्तनं ऐकली होती आणि बोलणंही तसंच झालं होतं. हात पुढे करून प्रश्न टाकायचा, आणि कुणीतरी 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं.

"नवा माल येईल तेव्हा नवा भाव घ्यावा. जुन्या मालाला जुना. खरं की नाही?"

त्या थांबल्या. मागे मासे धरायचे गळ निवडत उभा असलेला एक टोपीवाला गिऱ्हाईक एक अक्षर न कळता म्हणाला, "येस, मॅम."

"बघ," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणला. "आता पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. हाक येतेच. फक्त मागे वळून बघायचं नाही. बघितलं की भाव हातचा गेला."

भाजीपासून तांब्याच्या घंगाळापर्यंत सगळं त्यांनी असंच घेतलं होतं. संजीवने दबक्या आवाजात सांगून पाहिलं की आई, इथे हाक मारत नाहीत, हॅव अ नाइस डे म्हणतात. तोवर त्या निघाल्याही होत्या. वॉल्टर मागून म्हणाला, "हॅव अ नाइस डे."

रात्री पाऊस पडून गेला होता. पार्किंग लॉट ओला आणि गार होता. सुमित्राबाई सरळ रेषेत, नजर समोर ठेवून चालल्या. वाटेत डबकं आलं, तर त्यातूनही सरळ गेल्या. संजीव मागोमाग जात मनात उद्याचं निमित्त जुळवत होता. ताप आला म्हणावं, की खांदा दुखतो म्हणावं? पुन्हा हवामानावर बोलणं आलं.

गाडीत बसून त्याने होईल तितक्या सावकाश सीट बेल्ट लावला. किल्ली फिरवणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"मॅम! मॅम!"

"आली," सुमित्राबाई काचेतून समोरच बघत म्हणाल्या.

वॉल्टर धावत येत होता. चांगला देहाने मोठा माणूस, धापा टाकत होता, आणि दोन्ही हातांनी छातीशी काहीतरी धरलं होतं. जवळ आला तेव्हा दिसलं. सुमित्राबाईंच्या चपला.

आत दाराशेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या, तो म्हणाला. पण का?

संजीवलाही माहीत नव्हतं. त्याने आईकडे बघितलं.

"आज खंडेनवमी ना रे," सुमित्राबाई म्हणाल्या. "आत भिंतभर शस्त्रं मांडलेली. त्यांच्यापुढे चपला घालून जाऊ?"

या वेळी संजीवने शब्दन् शब्द सांगितला. आजवर वॉल्टरच्या दुकानात लोक चिखलाच्या बुटांनीच आले होते. त्याने वाकून चपला गाडीच्या दाराशी खाली ठेवल्या, पुन्हा जोडून, आणि टोपी काढली. चार डबे घेऊन जा, म्हणाला. अकराने.

संजीवचा हात लगेच पाकिटाकडे गेला.

"काय म्हणतोय?" सुमित्राबाईंनी विचारलं. ऐकल्यावर त्यांचा चेहरा फुलला. "पडला ना भाव? झालं तर मग. आता त्याला सतराने दे."

"आई?"

"अरे, परक्या बाईच्या चपला उराशी धरून धावत आला तो. असा माणूस लुबाडेल होय? शिसंच महागलं असणार."

वॉल्टर सतरा घेईना. सुमित्राबाई अकरा देईनात. तो खाली ओढत होता, त्या वर ओढत होत्या, आणि मधे संजीव दोन्हीकडचं भाषांतर करून घामाघूम झाला होता. शेवटी पंधरावर जमलं. वॉल्टरने चार डबे आणून खिडकीतून वाकून आत दिले. सुमित्राबाईंनी पर्समधून कोयरी काढली, चारही डब्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि वॉल्टर वाकलेलाच आहे असं पाहून त्यालाही एक टिळा लावला.

परतताना संजीवने हीटर त्यांच्या पायांकडे वळवला. लोकरीच्या मोज्यांतून पाणी ठिबकत होतं.

"आई, एवढ्या गारठ्यात, पाण्यातून चालत आलीस. चपला राहिल्यात हे कळलंसुद्धा नाही तुला?"

"दाराबाहेर पाऊल टाकलं तेव्हाच कळलं," सुमित्राबाई मोजे पिळत म्हणाल्या. "पण मागे वळायचं नसतं."