गप्प माणसाला बोलतं करा

हाल्व्होर्सनबाईंना एका विद्यार्थिनीनं निरुत्तर केलं. पण ते असू द्या. असं काही घडलंच नाही, असं समजून चला.

परीक्षेच्या खोलीबाहेर निगोरा उभी होती. ताश्कंदहून विनिपेगला ती नर्सिंगसाठी आली होती. इंग्रजी चर्चेच्या या परीक्षेत नापास झालं, की प्रवेश रद्द, व्हिसा रद्द, चला घरी.

"ग्यूवॉन कुठंय?" तिनं विचारलं.

"तापानं फणफणलाय," चिलीचा बाल्तासार म्हणाला. "आपण दोघंच."

"बाप रे! मग गप्प कोण बसणार?"

प्रश्न रास्त होता. चर्चेत गप्प बसलेल्याला अदबीनं बोलतं करायचं, त्याचे वेगळे गुण होते. तिघांत गप्प बसायचं काम ग्यूवॉनकडे होतं, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्यांची शिक्षिका लॉरेटा हिनं धीर दिला. "परीक्षक हाल्व्होर्सनबाई आत बसल्यात. नमस्कार-चमत्कार नको, थेट सुरू करा. त्या हसणार नाहीत, मान हलवणार नाहीत. परीक्षकांना तसा नियमच आहे. त्यांनी हात वर केला की थांबा."

दोघं आत गेले. बाई नियमाच्या पक्क्या होत्या. चष्म्याआडून त्यांची नजर थेट निगोरावर.

विषय होता, रुग्णाला खरं सांगावं का. बाल्तासारनं सांगावंच, असं मांडलं.

"तुझा मुद्दा कळला, पण मला पटत नाही," निगोरा कशीबशी म्हणाली.

बाईंची पापणीसुद्धा हलली नाही.

"गेलो कामातून," बाल्तासार पुटपुटला. "आवडलं नाही त्यांना."

ते बोलत राहिले. हात काही वर होईना. मुद्दे संपले, मग तेच मुद्दे उलटे करून मांडले. बाल्तासारनं स्वतःलाच विरोध केला आणि तो हरला.

"ते बोलतं करायचं तेवढं उरक, बये," तो कुजबुजला.

निगोरानं खोलीभर पाहिलं. गप्प बसलेलं माणूस एकच होतं.

"मॅडम," तिचा आवाज चिरकला, "तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत. तुमचं काय मत?"

बाल्तासारनं डोळे मिटून घेतले.

उत्तर आलं नाही. समोरच्याला विचार करायला वेळ द्यावा, असं लॉरेटानं शिकवलं होतं. दोघांनी भरपूर दिला.

शेवटी लॉरेटानंच दार उघडलं. तिनं बाईंकडे पाहिलं, मग या दोघांकडे.

"बाहेर या," ती हळू आवाजात म्हणाली. "दोघंही."

"परीक्षकालाच प्रश्न विचारतेस!" बाहेर बाल्तासार करवादला. "आता दोघंही आपापल्या देशात!"

निगोरानं बॅग भरून दाराशी ठेवली.

सोमवारी परीक्षा विभागाकडून पत्र आलं: "चर्चेचे गुण खोलीत हजर असलेला परीक्षकच देऊ शकतो, आणि श्रीमती हाल्व्होर्सन अखेरपर्यंत खुर्चीत हजर होत्या. सबब, विद्यार्थी आत येण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले होते हे डॉक्टरांचे मत विचारात घेऊनही, त्यांनी दोन्ही विद्यार्थ्यांचे गुण शुक्रवारपर्यंत स्वतःच्या सहीनिशी कळवावेत, ही नम्र विनंती."