कागदांचं मी बघतो

लष्करी अकादमीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी तिच्या दंडावरचा टॅटू पाहिला आणि पेन खाली ठेवलं. “नियम वाचले नव्हतेस का, बाळ? दंडावर गोंदलेलं चालत नाही.”

दोन वर्षं रोज पहाटे पळणारी पोरगी घरी येऊन सोफ्यावर कोसळली. बाबा शेजारी सरकले. टॅटू त्यांनीच तिच्या अठराव्या वाढदिवसाला हौसेनं काढून दिला होता: ‘बाबांची वाघीण’.

“जाऊ दे गं. तू गेली असतीस तर हे घर मला खायला उठलं असतं.”

“पण बाबा, तुम्हीच म्हणालात ना, तू नुसती पळ, कागदांचं मी बघतो?”

“बघितलं की. पण इतकं बारीक अक्षर कोण वाचतं?”

“तुम्ही वाचता. छापखान्यात दिवसभर दुसरं काय करता?” आई आतून आली. नवऱ्याच्या कपाटात सापडलेली अकादमीची माहितीपुस्तिका तिनं लेकीच्या मांडीवर उघडून ठेवली.

गोंदणाच्या नियमाखाली पट्टी धरून ओढलेली लाल रेघ होती. समासात, मुद्रितं तपासायच्या सवयीनं घातलेली तारीख. वाढदिवसाच्या आठ दिवस आधीची.

बाबांचा हात अजून तिच्या दंडावरून मायेनं फिरत होता. अंगावर पडलेली पाल झटकावी तसा तिनं तो झटकला आणि बाथरूमकडे निघाली.

“आई, भांड्यांची तारेची घासणी कुठंय?”