व्यक्ती घरी नाही

"नाही, त्या घरी नाहीत," पलीकडून छबू म्हणाली आणि ऑपरेटरने लाइन तोडली.

आई केबिनमध्ये रिसीव्हर धरून उभी राहिली. लेकीचा आवाज तिने कानाने ऐकला होता. तिने हाकही मारली होती. पण ऑपरेटरने जोडून दिल्याशिवाय इकडचा आवाज तिकडे जात नसे.

तेव्हा परगावी फोन लावायचा तर टेलिफोन ऑफिसात जाऊन चिठ्ठी भरावी लागे. कोणाशी बोलायचं त्या व्यक्तीचं नाव लिहिलं, तर ती व्यक्ती फोनवर आली तरच पैसे पडत. ऑपरेटर आधी विचारून घेई, अमुक व्यक्ती आहे का. नाही म्हटलं की संपलं.

छबूचं लग्न झालं तेव्हा तिच्या वडिलांनी, मास्तरांनी, यातून युक्ती काढली. दर रविवारी सकाळी तिच्या नावाने फोन लावायचा. सगळं ठीक असेल तर तिनेच उचलून 'घरी नाहीत' म्हणायचं. काही बिनसलं असेल तरच 'बोलतेय' म्हणायचं. आई आणि मास्तर एकाच रिसीव्हरला दोन बाजूंनी कान लावून उभे राहत. लेकीचे चार शब्द ऐकले की आठवडा सुखाचा जाई. जन्मभर मुलांना गणितातल्या चोरवाटा बंद करून दाखवणारे मास्तर या चोरीवर मात्र बेहद्द खूश होते. सहा वर्षांत छबूने एकदाही 'बोलतेय' म्हटलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट मास्तरांसारख्या माणसाकडूनही राहून गेली. इकडची बातमी तिकडे द्यायची वेळ आली तर काय, ते कोणी ठरवलंच नव्हतं. काही व्हायचं तर ते लेकीच्या नव्या संसारात व्हायचं. आईबाप काय, होते तिथेच असणार.

आज सकाळी दाढी करता करता मास्तर आरशासमोर खाली बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या, उद्यावर ठेवू नका. मास्तरांचं तोंड वाकडं झालं होतं, तरी छबूचं नाव कळत होतं. तिच्या गावाहून अडीचची गाडी होती. ती मिळाली तर अंधार पडायच्या आत ती इथे पोचली असती. त्यानंतरची गाडी दुसऱ्या दिवशी. तार केली तर ती गाडी सुटल्यावरच पोचायची. भाऊजींना खाटेपाशी बसवून आई धावत टेलिफोन ऑफिसात आली आणि सवयीने छबूचं नाव घालून चिठ्ठी भरून बसली.

आता एक वाजला होता. ती खिडकीशी गेली आणि फोन पुन्हा लावा म्हणाली. घरातली व्यक्ती नाही म्हणते तर पुन्हा कशाला, असं ऑपरेटरने विचारलं. मग आईच्या चेहऱ्याकडे न बघताच म्हणाली, "सहा वर्षं झाली मावशी, तुमची मुलगी एका रविवारी घरी सापडेल तर शपथ. जाते कुठे हो एवढी?"

बाकावरचे दोघेतिघे हसले. आईला एरवी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज तिने सरळ कबूल करून टाकलं. ती घरीच आहे, मघाशी बोलली ती तीच, आम्ही फसवत होतो. फक्त वडील अत्यवस्थ आहेत एवढं तिला सांगा.

ऑपरेटरचा हात थांबला. निरोप सांगायची परवानगी नाही, ती हळू म्हणाली. पाठीमागे साहेब बसले होते. तिने चिठ्ठी मात्र रांगेत सगळ्यांच्या वर ठेवली.

दुसऱ्यांदा लाइन लागली तेव्हा दोनला दहा कमी होते. आज बुधवार आहे, एवढं तरी पोरीच्या ध्यानात यावं, असं आई मनाशी घोकत होती. ऑपरेटर नाव पुरतं उच्चारते न उच्चारते तोच पलीकडून आलं, "नाहीत. घरी नाहीत." केबिनच्या काचेला कपाळ टेकून आई ओरडली. बाहेरची माणसं वळून बघू लागली. जिला ऐकायला हवं होतं तिला सोडून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

तेव्हा ऑपरेटर स्वतः उठून आली. तिने आईच्या हातून नवी चिठ्ठी भरून घेतली. नावाच्या जागी लिहायला लावलं, 'फोन उचलेल ती व्यक्ती'. एवढी साधी गोष्ट आईला सुचली नव्हती, आणि ऑपरेटरलाही आत्ताच सुचली. पण आता लाइन मिळेना. आई बाकावर बसून घड्याळाकडे बघत राहिली. अडीच वाजले. काटा पुढे गेला.

तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा घंटी पुरती एकदाही वाजली नाही. छबूने उचललाच. या वेळी ऑपरेटरने काही विचारलं नाही, सरळ जोडून दिलं.

आईने बाबांचं सांगितलं. गाडी गेली, आता उद्याचीच, तेही सांगितलं. मग पोरीच्या मनाला लागू नये म्हणून तिची समजूत घालू लागली. तू ठरल्याप्रमाणेच बोललीस, तुझं काही चुकलं नाही, तुला तिथे बसून कसं कळणार. तिने तेच पुन्हा सांगितलं, तुला कसं कळणार.

"आई," छबू म्हणाली, "मला पहिल्या फोनलाच कळलं होतं. 'बोलतेय' म्हणायचा धीर झाला नाही."